‘टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे होईल!’

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

संध्याकाळी मुंबईहून अंबरनाथला येणाऱ्या गाडीत बायकांच्या डब्यात काय काय चालतं, हे रोज प्रवास करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. भाजी निवडली जाते, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या होतात आणि ग्रुपमधली कुणी बाळंतपणाच्या रजेवर निघाली की तिचं डोहाळजेवणही धावत्या गाडीतच उरकलं जातं. 1996 साली अशाच एका डोहाळजेवणाला मी खिडकीशी बसले होते. मांडीवर थर्मास होता. थर्मासात बर्फ आणि बर्फात इंजेक्शनच्या कुप्या. घरी पोचले की आठ वाजता शिवाजी चौकाजवळच्या एका दवाखान्यात जाऊन ते इंजेक्शन घ्यायचं, असा क्रम चालू होता. ओटी भरायला सगळ्या जणी एकेक करून उठत होत्या. आमच्यातल्या वडीलधाऱ्या बाई माझ्यापाशी आल्या, घुटमळल्या, आणि “तू बस गं, दमली असशील,” असं म्हणून हळदीकुंकवाची कुयरी पुढच्या बाईकडे नेली.

त्या बाई वाईट नव्हत्या. मला वाईट वाटू नये म्हणूनच त्यांनी तसं केलं असेल. पण ठाण्यापासून अंबरनाथ येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते, एवढं मला आठवतं.

मूल न होण्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते दोनच प्रकारे. एक तर उपचारांबद्दल, नाहीतर नवसांबद्दल. या दोन्हींच्या मधे जो माणूस असतो, त्याच्या मनाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. मी स्वतः त्यातून गेले आणि नंतर समुपदेशनाचं शिक्षण घेऊन गेली पंधरा-सोळा वर्षं अशा जोडप्यांशी बोलते आहे. कल्याणपासून बदलापूरपर्यंतची बरीच मंडळी येतात. आज बोलणार आहे ते या दोन्ही अनुभवांतून.

आधी थोडी व्याख्या. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ नियमित संबंध ठेवून, कोणतंही साधन न वापरता गर्भ राहिला नाही, तर त्याला वैद्यकीय भाषेत वंध्यत्व म्हणतात. बाई पस्तिशीपुढची असेल तर वर्षभर थांबू नये, सहा महिन्यांनीच डॉक्टरांना गाठावं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली जो अहवाल दिला, त्यानुसार जगातल्या दर सहा प्रौढ माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. सहात एक! म्हणजे बायकांच्या त्या डब्यात मी एकटी नव्हतेच. दुसऱ्या कुणाच्या पर्समध्येही गोळ्यांची पाकिटं असणार. पण आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो, कारण आम्ही सगळ्याच खिडकीबाहेर बघत होतो.

या दुःखाचं एक वैशिष्ट्य आहे. ते महिन्याच्या हिशेबानं येतं. पाळी येऊन गेली की पहिले काही दिवस माणूस ठीक असतं. मग दहाव्या-बाराव्या दिवशी सोनोग्राफी सुरू होते, बीज किती मिलिमीटरचं झालं याची रोज मापं घेतली जातात, ठरलेल्या रात्री नवराबायकोनं एकत्र यायचं असतं, मग त्यांचं भांडण झालेलं असो नाहीतर त्याची रात्रपाळी असो. त्यापुढचे चौदा दिवस म्हणजे नुसतं वाट बघणं. जरा मळमळलं की आशा, ओटीपोटात दुखलं की धास्ती. आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सगळं संपून पुन्हा पहिल्यापासून. घरात कुणी गेलं तर सुतक असतं, माणसं भेटायला येतात, शेजारचे डबा आणतात, ऑफिसात रजा मिळते. इथे दर महिन्याला काहीतरी जातं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी नेहमीची गाडी पकडता. जे कधी आलंच नाही त्याचं दुःख कसं करायचं, याची रीत आपल्याकडे नाही. खरं तर कुठेच नाही.

अमेरिकेत ॲलिस डोमार नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक तुलना प्रसिद्ध केली. मूल होत नसलेल्या स्त्रियांची उदासी आणि चिंता त्यांनी मोजली आणि ती कर्करोगाच्या, हृदयरोगाच्या रुग्णांशी ताडून पाहिली. ती जवळपास तेवढीच निघाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं आणि हायसंही वाटलं. म्हणजे मी नाटक करत नव्हते तर!

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. लग्न 1991 सालचं. कानसई भागात दोन खोल्यांचं घर, यजमान एमआयडीसीतल्या कारखान्यात, मी फोर्टमधल्या एका ऑफिसात. घरात सासूबाई. तीन वर्षं झाली तशी तपासण्यांना सुरुवात झाली. माझी रक्तं झाली, गर्भनळ्या मोकळ्या आहेत का बघणारी एचएसजी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली. त्या काळात यजमानांची साधी वीर्यतपासणी कुणी सांगितली नाही. ज्या डॉक्टरांकडे आम्ही जात होतो त्यांनी नाही, आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. वास्तविक ही सर्वांत स्वस्त, काहीही न दुखणारी, आणि पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी अशी तपासणी. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढंच. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडे असतं, त्याच्या एकट्याकडे किंवा दोघांकडे मिळून. तरीही भूल घेऊन टेबलावर झोपते ती बाई. आजही माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत दर थोड्या दिवसांनी असं एखादं निघतंच.

1995 साली दुसऱ्या डॉक्टरांनी ती तपासणी करायला लावली. शुक्रजंतूंची संख्या फार कमी होती. परतताना दादरच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभे होतो. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “घरी सांगू नकोस.” मी म्हटलं, “नाही सांगत.”

रात्री सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?” मी भात वाढता वाढता म्हटलं, “माझ्यातच थोडा दोष आहे, आई. औषधं चालू केलीत.”

इतकं सोपं होतं ते. आणि पुढची आठ वर्षं मी ते वाक्य ओढत नेलं.

हे का घडतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण माझ्यासारख्या बायका घरोघर आहेत. शुक्रजंतू कमी असणं आणि पुरुषपण कमी असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. व्यवस्थित संबंध ठेवू शकणाऱ्या, धडधाकट, मिशीला पीळ देणाऱ्या माणसाचाही रिपोर्ट शून्य येऊ शकतो. पण समाजाच्या डोक्यात हे दोन्ही एकच आहे. बाईला ‘वांझ’ म्हणायला शब्द तयार आहे. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते त्याच्या मूल न होण्याचे नाहीत, त्याच्या नामर्दपणाचे आहेत. म्हणून तो तोंड मिटतो. आणि बाईला वाटतं, मला तर सगळे बोलतातच आहेत, त्यात आणखी थोडं. यात प्रेम असतं, नाही असं नाही. पण दोन माणसांचं ओझं एकीनं उचललं की जो वाकतो तो संसार.

सासूबाईंनी माझ्यासाठी सोमवार धरले. माझ्या नावानं! आमच्या अंबरनाथ पूर्वेला वालधुनी नदीकाठी शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आहे. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख आहे तिथे. त्याचं गाभाऱ्याचं दालन जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. सासूबाईंचे गुडघे दुखत. एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातात बेलाची पुडी घेऊन त्या खाली उतरायच्या, मी मागे. आणि दर सोमवारी माझ्या मनात येई, नवस चुकीच्या माणसाच्या नावानं चाललाय. देवाला तर ठाऊकच असेल, पण या बाईला सांगायला नको का?

एव्हाना आमचं बोलणंही कमी झालं होतं. हे जादा पाळ्या घ्यायला लागले. मला वाटायचं, यांना काही पडलेलीच नाही. आज मला कळतं की काही पुरुषांचं दुःख असंच असतं, ते कामात घालतात. मी रडायचे म्हणून मी दुःखी आणि ते रडत नव्हते म्हणून सुखी, असा माझा साधा हिशेब होता. तो चुकीचा होता. समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांत बायको बोलत असते आणि नवरा मोबाइलकडे बघत असतो. त्याला मी लगेच बोलतं करायला जात नाही. “तुम्हाला रात्री झोप लागते का?” एवढंच विचारते. पुष्कळदा तिथे बांध फुटतो.

आता मथळ्यातल्या वाक्याकडे येते. ‘टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे होईल.’ हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, नणंदेनं सांगितलं आणि चक्क डॉक्टरांनीही सांगितलं. सोबत एक गोष्टही असते: अमक्यांनी दहा वर्षं उपचार केले, शेवटी दत्तक मुलगी आणली, आणि टेन्शन गेल्याबरोबर वर्षाच्या आत पाळणा हलला. अशी उदाहरणं घडतात. पण दत्तक घेतल्यावर ज्यांना स्वतःचं मूल झालं नाही अशी कितीतरी कुटुंबं असतात, त्यांची गोष्ट कोण सांगणार? त्यात सांगण्यासारखं काही नसतं. म्हणून ती मोजली जात नाहीत. आणि ज्यांनी दत्तक घेतलं नाही, टेन्शनही सोडलं नाही, तरी ज्यांना दहा वर्षांनी मूल झालं, तीही मोजली जात नाहीत.

हे वाक्य वरवर प्रेमळ आहे. आतून फार क्रूर आहे. कारण त्याचा अर्थ असा होतो, की झालं नाही ते तू काळजी केलीस म्हणून. मी तर काळजी करते याचीच काळजी करायचे. पंधरवड्याची वाट बघताना डोळे मिटून बळंच शांत व्हायचा प्रयत्न करायचे, आणि एखादा वाईट विचार आला की वाटायचं, झालं, आता या महिन्याचं वाटोळं केलं मी.

मला उशिरा कळलेली एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगते. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या जॅकी बॉयव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरनिराळ्या ठिकाणी झालेले 14 अभ्यास त्यांनी एकत्र केले. त्यांत 3,583 स्त्रिया होत्या. उपचार सुरू करण्याआधी ज्या फार चिंतेत, फार उदास होत्या त्यांना गर्भ राहण्याचं प्रमाण कमी निघालं का? नाही. शांत असलेल्यांत आणि चिंतेत असलेल्यांत फरक दिसला नाही. बीज फलित होणं, ते रुजणं, हे तुमच्या धास्तीला विचारून होत नाही. एरवीही साधा विचार करून बघा ना. युद्धात, दुष्काळात, छळाच्या संसारात बायकांना दिवस राहतातच की.

एक खुलासा मात्र करते. फार वजन उतरलं, माणूस अगदीच खंगलं, तर पाळी लांबते किंवा थांबते, हे खरं आहे. पण ते दिसून येतं, तपासता येतं. दुसरं असं, की ताणामुळे जोडपं एकमेकांपासून दूर झालं तर अर्थातच फरक पडतो. आणि उपचार मधेच सोडून देण्यामागे पैशाइतकंच मनाचं थकणं हेही मोठं कारण असतं. म्हणून मनाची काळजी घ्यायची. पण ती मूल व्हावं म्हणून नव्हे. ताप आला तर आपण औषध घेतो, ताप उतरल्यावर लॉटरी लागेल म्हणून नाही घेत.

मग काय करायचं? माझ्या स्वतःच्या उपयोगी पडलेल्या आणि पुढे इतरांच्याही उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

वीस मिनिटांचा नियम हा त्यांतला सगळ्यात साधा. या विषयावर दिवसातून वीस मिनिटंच बोलायचं. घड्याळ लावून. ती वीस मिनिटं दोघांनी द्यायचीच, नवऱ्यानं उठून जायचं नाही. आणि वेळ संपली की बायकोनंही विषय लांबवायचा नाही. आम्ही जेवणानंतर स्टेशनच्या बाजूनं चालत जायचो आणि बोलायचो, कारण दोन खोल्यांच्या घरात सासूबाईंच्या पुढ्यात ते जमणार नव्हतं. पहिले दोन दिवस हे गप्पच होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मला कारखान्यात कुणी मुलांचे पेढे दिले की ते मी खिशात ठेवतो आणि वाटेत टाकून देतो.” माझा नवरा! मला वाटत होतं, त्याला काही पडलेलीच नाही.

निकालाचा दिवस आधी ठरवून ठेवा. माझा पहिला निकाल ऑफिसच्या फोनवर आला. समोर चार टेबलं, त्यावर चार माणसं. मी ‘हो, हो, बरं’ म्हटलं आणि टायपिंग सुरू केलं. आता तो मोबाइलवर येतो, म्हणजे भर गर्दीत, विठ्ठलवाडी आणि उल्हासनगरच्या मधे कधीही येऊ शकतो. प्रयोगशाळेला सांगता येतं की रिपोर्ट एकाच्याच नंबरवर पाठवा. आणि दोघांनी मिळून, घरी, दार लावून बघायचा असं ठरवता येतं. त्यानंतरचा दिवस शक्य तर रजेचा घ्यावा. ज्याला सुतक नाही त्याला निदान एक दिवस द्यावा.

बारशाला न जाण्याची परवानगी स्वतःला द्या. माझ्या धाकट्या जावेला लग्नानंतर वर्षात मुलगा झाला. मला आनंद झाला आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडला, आणि मग त्या खड्ड्याची लाज वाटली. मत्सर वाटला म्हणून माणूस दुष्ट होत नाही. दोन्ही भावना एकाच वेळी असू शकतात. मी त्या बारशाला गेले आणि पाळण्याभोवती ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ सुरू झाल्यावर मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्यापेक्षा आठ दिवसांनी एकटीनं जाऊन अंगडं-टोपडं देऊन आले असते तर बाळाचंही काही बिघडलं नसतं.

‘काय, गोड बातमी कधी?’ या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावं. छोटं आणि दरवेळी तेच. ‘असली की तुम्हाला कळवूच’ असं. खुलासे देऊ नयेत, त्यांतून आणखी प्रश्न फुटतात. आणि नवऱ्याच्या नातेवाइकांना उत्तर नवऱ्यानं द्यायचं, बायकोच्या माहेरच्यांना बायकोनं. हा नियम आम्ही पाळला असता तर ते भात वाढतानाचं वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं.

बुवाबाबांविषयी फार बोलत नाही, एवढंच सांगते. आपल्या राज्यात 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अलौकिक शक्तीनं मूल देतो असं सांगून मूल न होणाऱ्या बाईशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं, यावरून काय ते समजा.

सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे कुठे थांबायचं ते ठरवणं. 1986 साली, 6 ऑगस्टला, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हा मी कॉलेजात होते. पेपरातला तो फोटो आमच्या वसतिगृहात हातोहात फिरला होता. आम्हाला वाटलं, आता हा प्रश्न सुटला. पुढे 1992 साली बेल्जियममध्ये एकच शुक्रजंतू सुईनं थेट बीजात सोडण्याची ‘इक्सी’ ही पद्धत यशस्वी झाली आणि ज्यांची संख्या अगदी कमी आहे अशा पुरुषांनाही वाट मिळाली. विज्ञानाचे उपकार मी मानते. पण पस्तिशीच्या आतल्या बाईलाही एका खेपेला यश येण्याची शक्यता साधारण तीनात एक धरतात, आणि चाळिशीनंतर ती फारच घटते. म्हणजे पहिल्या खेपेला अपयश येणं हे अघटित नाही, तेच अधिक संभवनीय आहे. हे कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या अपयशानंतर मी आठवडाभर अंथरूण धरलं नसतं.

आता निदान कायदा तरी बाजूनं आहे. 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं क्लिनिकवर बंधन घातलं आहे की जोडप्याला यशाची शक्यता आणि परिणाम समजावून सांगणारं समुपदेशन द्यायलाच हवं. बाईचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 अशी मर्यादाही त्यात आहे. तेव्हा संकोच न करता विचारा: माझ्या वयाला, माझ्या कारणाला, तुमच्याकडे किती जणींना मूल घरी नेता आलं? ‘गर्भ राहिला’ आणि ‘मूल घरी नेलं’ हे वेगवेगळे आकडे असतात.

आणि सुरू करण्याआधीच दोघांनी कागदावर लिहून ठेवा: किती खेपा, किती पैसे, कोणत्या वयापर्यंत. एका खेपेचा खर्च आज लाखाच्या वर जातो. आम्ही हे लिहिलं नव्हतं. पहिल्या खेपेला फंडातून काढले, दुसऱ्या खेपेला माझ्या पाटल्या गेल्या, तिसऱ्या खेपेला, 2002 साली, कर्ज झालं. जुगारात जे होतं तेच होतं. इतका पैसा गेला, आता कसं थांबायचं, असं वाटत राहतं. लिहिलेला कागद बदलता येतो, पण तो बदलताना निदान दोघांना एकमेकांकडे बघावं लागतं.

दत्तकाबद्दल लोक फार घाईनं बोलतात. आपल्या महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंना मूल नव्हतं. तो काळ असा, की मूल नाही म्हणून दुसरी बायको करणं हे कुणालाच वावगं वाटलं नसतं. जोतिरावांनी ते केलं नाही. 1863 साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे तिथेच जन्मलेला, काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी 1874 साली दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर तो रोग्यांची शुश्रूषा करत होता. पण फुल्यांनी यशवंताला कशावरचं औषध म्हणून आणलं नव्हतं. दत्तक मूल हे आपल्या न झालेल्या मुलाची बदली म्हणून घरात आलं तर त्याच्यावर अन्याय होतो. आधी जे झालं नाही त्याचं दुःख करून घ्यावं. आता सगळी प्रक्रिया ‘कारा’ या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी करून होते आणि बाळासाठी काही वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे तेवढा वेळ मिळतोच. आम्ही दत्तक घेतलं नाही. दोघांपैकी एकाची मनापासून तयारी नव्हती. कुणाची ते नाही सांगत.

एक धोक्याची खूण सांगायलाच हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण नकोसं, कशातच मन नाही, आणि ‘मी नसते तर याला दुसरं लग्न तरी करता आलं असतं’ असले विचार येऊ लागले, तर ते नुसतं दुःख राहिलेलं नाही, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. केंद्र सरकारनं 2022 साली सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही मिळते. घरच्यांनीही हा क्रमांक लिहून ठेवावा. उपचारांच्या काळात अशी बाई बहुधा हसतमुख दिसते. मी दिसत होते.

2002 नंतर आम्ही थांबलो. कुठला निर्णय असा झाला नाही. एका संध्याकाळी वीस मिनिटं झाली आणि दोघांनाही पुढचं काही बोलायचं नव्हतं. पण सासूबाई थांबल्या नव्हत्या. 2003 च्या श्रावणात त्या म्हणाल्या, “पुन्हा सोमवार धरते गं तुझ्यासाठी.” हे पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, “आई, धरायचेच असतील तर माझ्या नावानं धर.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. रिपोर्ट, दादरचा फलाट, सगळं.

मला वाटलं होतं, सासूबाई मला जवळ घेतील. सिनेमात घेतात. त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. “त्याचं झाकलंस ते झाकलंस, पण माझ्याशी आठ वर्षं खोटं बोललीस,” एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. सोमवारी देवळात मात्र त्या गेल्या. कुणाच्या नावानं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि सवयीनं म्हणाल्या, “मग, काही विशेष?” मी माझं ठरलेलं वाक्य जुळवत होते. त्याआधीच सासूबाई आतून वाटी घेऊन आल्या. म्हणाल्या, “तो विषय संपला आमच्याकडे. चहा टाकलाय, घेणार का?”